मूठभर दाणे आणि एक ‘बहुधा’ : कर्नल साईक्सचा मुंग्यांवरचा पेपर

रिसर्च मेथडॉलॉजीच्या अभ्यासक्रमात ‘निरीक्षण’ हा भाग सगळ्यांना सोपा वाटतो. सॅम्पलिंगवर प्रश्न येतात, सांख्यिकीवर येतात, निरीक्षणावर काय विचारणार? डोळे उघडे ठेवायचे आणि दिसलं ते लिहायचं. पण पीएचडीच्या मुलाखतीत कुणी ‘निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक उदाहरण देऊन सांगा’ असं म्हटलं, की बऱ्याच जणांची गाडी तिथेच अडते. म्हणून आज एक जुना पेपर वाचायला घेऊ. साल १८३५, लंडनच्या एंटोमॉलॉजिकल सोसायटीच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’चा पहिला खंड, विषय भारतातल्या मुंग्यांच्या नव्या जाती, लेखक विल्यम हेन्री साईक्स. पेपर जेमतेम आठ-नऊ पानांचा आहे. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडली ती आपल्या पुण्यात, परेड ग्राउंडजवळच्या पडीक जमिनीवर.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. साईक्सचा जन्म १७९०चा, यॉर्कशायरचा. कोवळ्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात भरती झाला, आणि १८१७च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला होता. हे विसरायचं नाही, कारण सातच वर्षांनी, १८२४ मध्ये, एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ नेमलं. म्हणजे जिंकलेल्या मुलुखात काय काय आहे याची मोजदाद करणारा अधिकारी. माणसं किती, पिकं कोणती, जमीन कुणाच्या नावावर, पाऊस किती, डोंगर किती उंच. ही नोंद करत फिरताना त्याने पक्षी, सस्तन प्राणी, मासे, रेशमाचे किडे आणि मुंग्याही टिपल्या. भारतीय लांडग्याचं ‘पॅलिपेस’ हे शास्त्रीय नाव त्याचं, १८३१चं. सासवडच्या माळावर पक्षी बघायला जाणाऱ्यांना ‘साईक्सचा चंडोल’ माहीत असेल, तोही याचाच.

डिसेंबर १८२९ मध्ये खर्चकपातीत त्याचं पदच रद्द झालं. तरी तो १८३१च्या जानेवारीपर्यंत काम पुरं करत बसला. (फेलोशिप संपल्यावरही लॅबमध्ये येणारे सीनिअर आठवले ना?) पुढे तो विलायतेत गेला, रॉयल सोसायटीचा फेलो झाला, लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक झाला, कंपनीचा डायरेक्टर आणि मग पार्लमेंटचा सदस्य झाला. १८७२ मध्ये वारला.

आता पेपर. पण त्याआधी त्या वेळचा ‘लिटरेचर रिव्ह्यू’ काय म्हणत होता ते बघायला हवं, त्याशिवाय या पानाची किंमत कळत नाही.

मुंगी उन्हाळ्यात धान्य साठवते ही गोष्ट फार जुनी. बायबलमधल्या नीतिसूत्रांत आहे, इसापात आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले युरोपीय कीटकशास्त्रज्ञ मात्र याला हसत होते. विल्यम गूल्डने १७४७ मध्ये इंग्लंडच्या मुंग्या नीट पाहिल्या आणि सांगितलं की त्या धान्य साठवत नाहीत. स्वित्झर्लंडच्या पिएर ह्यूबरने १८१०च्या पुस्तकात तेच सांगितलं. मग प्राचीन लोकांनी पाहिलं तरी काय? उत्तर तयार होतं : मुंग्या आपले कोष तोंडात धरून इकडून तिकडे नेतात, ज्यांना आपणही घरी सर्रास ‘मुंग्यांची अंडी’ म्हणतो. ते पांढरे, लांबट कोष दाण्यासारखे दिसतात, तेव्हा जुन्या लोकांनी कोषांना दाणे समजून घोळ घातला असणार. स्पष्टीकरण सुटसुटीत, आणि पटण्यासारखंही.

इथे एक गंमत आहे. गूल्डच्या पुस्तकाच्या नावातच ‘इंग्लिश मुंग्या’ असं आहे, आणि ह्यूबरच्या नावात ‘अँदिजेन’, म्हणजे स्थानिक, देशी मुंग्या. दोघांनीही आपलं क्षेत्र शीर्षकात प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. वाचणाऱ्यांनी ते विशेषण गाळलं आणि ‘मुंग्या धान्य साठवत नाहीत’ असा जगाचा नियम करून टाकला. हिवाळ्यात जिथे मुंग्या गारठून निपचित पडतात तिथे त्यांना कोठाराची गरज काय? पण या एका प्रदेशाच्या उत्तराला सगळ्या मुंग्यांचं उत्तर मानलं गेलं. युरोपातले सगळेच इतके निष्काळजी नव्हते, हेही सांगायला हवं. किर्बी आणि स्पेन्स या जोडीने आपल्या गाजलेल्या कीटकशास्त्राच्या ग्रंथात एक फट उघडी ठेवली होती : उष्ण देशांतल्या मुंग्या नीट तपासल्याशिवाय कुठलीच मुंगी साठा करत नाही असं म्हणणं घाईचं होईल. साईक्सचं पान त्या फटीतून आत येतं. (पेपरातल्या दुसऱ्या एका मुंगीला, झाडावर शेणाची घरटी बांधणाऱ्या मुंगीला, त्याने किर्बीचं नाव दिलं. किर्बी तेव्हा सोसायटीचा मानद अध्यक्ष होता. असल्या गोष्टी तेव्हाही चालत.)

नोंद जून १८२९ची, डायरीतून उचललेली. माझ्या शब्दांत सांगते. सकाळच्या फेरफटक्यात त्याला गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले, वीसाहून जास्त, वेगवेगळ्या जागी. प्रत्येक ढिगात साधारण मूठभर बिया. गवत ‘पॅनिकम’, म्हणजे आपली वरी ज्या प्रजातीत येते त्यातलंच काहीतरी रानगवत. जवळ जाऊन पाहिलं तर शेकडो मुंग्या खालच्या साठ्यातून बिया वर आणत होत्या. पाऊस सुरू होताना दाणे बहुधा भिजले असावेत आणि पहिल्या उघडिपीला मुंग्यांनी ते वाळवायला काढले असावेत, असं तो म्हणतो. हा साठा जानेवारी-फेब्रुवारीत गवत पिकलं तेव्हाचाच असला पाहिजे, असंही म्हणतो. आणि मग येतं ते वाक्य, ज्यासाठी मी हा पेपर तुमच्यापुढे ठेवतेय : हे निरीक्षण युरोपातल्या कीटकशास्त्रज्ञांच्या विरोधात जातंय याची मला कल्पना होती, म्हणून बिया आणि मुंग्यांचे कोष यांत माझी फसगत होऊ नये याची मी काळजी घेतली.

बघा, त्याने काय केलं. समोरच्याचा सगळ्यात बळकट आक्षेप कोणता हे त्याला ठाऊक होतं, आणि तो आक्षेप त्याने शेतात उभं असतानाच तपासला. लंडनला परतल्यावर कुणी विचारलं म्हणून नाही. आपल्याकडे सिनॉप्सिसमध्ये ‘मर्यादा’ नावाचं एक कोरडं प्रकरण शेवटी चिकटवायची पद्धत आहे. इथे मर्यादा आधी येते आणि निरीक्षण तिच्या भोवती उभं राहतं.

तारखेकडेही नीट बघा. पुण्यात जूनच्या मध्यावर माळावर ताजं पिकलेलं गवत नसतं. असतं ते वाळून गेलेलं, नाहीतर नुकतं उगवणारं. म्हणजे त्या दिवशी जे दाणे बिळातून वर आले ते काही महिने जमिनीखाली होते, एवढं निव्वळ तारखेवरून निघतं. हीच नोंद त्याने नोव्हेंबरात केली असती तर ती फुकट गेली असती, कारण तेव्हा कुणीही म्हणालं असतं की मुंग्या आजचंच गवत उचलतायत. ‘तारीख आणि ठिकाण लिहा’ असं फील्ड नोटबुकबद्दल सांगितलं जातं ते शिस्तीसाठी म्हणून. इथे तारीख हाच निम्मा पुरावा आहे.

ऑक्टोबरात, परतीच्या पावसाची वादळं होऊन गेल्यावर, त्याला पुन्हा तेच दिसलं, आणखी ठिकाणी. एक ढीग तर ओंजळभर होता. पावसाच्या दोन टोकांना तीच घटना.

आता दुसरी बाजू, कारण कौतुक करून थांबलो तर याला समीक्षा म्हणता येणार नाही.

मी रिव्ह्यूअर असते तर पहिला आक्षेप ‘वाळवणं’ या शब्दावर घेतला असता. मुंग्या दाणे बाहेर आणतायत हे त्याने पाहिलं. वाळवायला आणतायत हे त्याने ठरवलं. संध्याकाळी ते दाणे परत आत गेले का? जे कुजले होते ते तसेच टाकून दिले का? की बीळ पाण्याने भरलं म्हणून सगळं बिऱ्हाडच हलत होतं? यातल्या प्रत्येक शक्यतेत सकाळचं दृश्य अगदी सारखं दिसेल. त्या ढिगांजवळ दिवसभर बसणारा एक माणूस हवा होता. साईक्सच्या बाजूने एक म्हणता येईल, की भिजण्याबद्दल बोलताना त्याने ‘बहुधा’ वापरलंय आणि साठ्याच्या काळाबद्दल बोलताना ‘असलाच पाहिजे’. एक अंदाज, एक निष्कर्ष, आणि दोघांच्या वजनातला फरक भाषेत दिसतो. त्याच्यानंतर हा किस्सा सांगणाऱ्यांनी तो ‘बहुधा’ गाळला की ‘पुण्याच्या मुंग्या धान्य वाळत घालतात’ हे थेट तथ्य होऊन बसतं. तुमच्या पेपरातलं पहिलं काय हरवत असेल तर असे शब्द.

दुसरा आक्षेप : नोंद वारुळाच्या तोंडाशी थांबते. खाली कोठार आहे हे गृहीत आहे, पाहिलेलं नाही. सैन्यातल्या अधिकाऱ्याला कुदळ मिळत नव्हती असं तर नाही.

तिसरा, आणि हा मला जास्त खटकतो. हाच माणूस याच वर्षी, १८३५ मध्ये, रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये दख्खनच्या हवेच्या दाबातल्या रोजच्या चढउतारांवर पेपर छापत होता. बॅरोमीटर दिवसातून अनेकदा वाचणारा, आकडे तक्त्यात मांडणारा माणूस. मुंग्यांपाशी आल्यावर मात्र त्याचं माप ‘मूठभर’ आणि ‘ओंजळभर’. दाणे मोजले नाहीत, ढिगांमधलं अंतर नाही, बिळं किती होती आणि त्यांतल्या कितींवर ढीग नव्हते तेही नाही. हवा मोजायची आणि जीव न्याहाळायचे, ही विभागणी त्या काळाची होती. आपल्याकडे ती अजून पुरती गेलेली नाही, ‘बायोलॉजीला गणित लागत नाही’ म्हणून शाखा निवडणारे दरवर्षी भेटतातच.

चौथं नावाबद्दल. या मुंगीचं नाव त्याने ठेवलं ‘अट्टा प्रोव्हिडेन्स’, म्हणजे भविष्याची तरतूद करणारी. दुसऱ्या एका मुंगीचं ‘फॉर्मिका इंडिफेसा’, न थकणारी. निष्कर्ष नावातच भरून ठेवला की पुढच्याने प्रश्न विचारायची वाट अरुंद होते. वर्णनातही एका ठिकाणी तो घसरतो. दाणा घेऊन उभ्या बिळातून चढताना अशक्त मुंग्या पुन्हा पुन्हा तळाशी पडतात, दाणा सोडत नाहीत, पुन्हा चढतात. इतकं सुरेख, नेमकं वर्णन करून तो लगेच म्हणतो की यातून माणसाने धडा घ्यावा. कशाला? ‘अशक्त’ आणि ‘बलवान’ हे शब्दही मला अडवतात. ही मुंगी आज ‘फायडोले’ या प्रजातीत धरतात, आणि फायडोलेमध्ये कामकरी दोन प्रकारच्या असतात : लहान, आणि मोठ्या डोक्याच्या. मोठ्या डोक्याच्यांचे जबडे दाणे फोडायला उपयोगी पडतात. त्याला दिसलेला फरक ताकदीचा होता की प्रकाराचा? चिकाटीचा पाठ शोधायला गेलं की हा प्रश्न सुचत नाही.

(फायडोले ही प्रजाती वेस्टवूडने १८३९ मध्ये मांडली, तेव्हा ‘अट्टा’ म्हटल्याचा दोष साईक्सला नाही. आजचं नाव लिहितात ‘फायडोले प्रोव्हिडेन्स (सायक्स, १८३५)’ किंवा साईक्स, उच्चार कसाही करा. लेखकाचं नाव कंसात आहे कारण जात त्याची पण प्रजाती नंतर बदलली. हा कंस परीक्षेत विचारतात, लक्षात ठेवा.)

याच पेपरात दुसरी एक हकिगत आहे, जी या गवताच्या बियांपेक्षा जास्त रंगतदार आहे आणि पुरावा म्हणून बरीच कच्ची आहे. पुण्यातल्या त्याच्या घरी व्हरांड्यात एका टेबलावर फळं, केक, मुरंबे ठेवलेले असत. मुंग्या लागू नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत. आपल्याकडे दुधाचं पातेलं पाण्याच्या ताटात ठेवतात तसंच. इंडिफेसा मुंग्या ते पाणी ओलांडून येऊ लागल्या. मग पायांना टर्पेंटाइनचा पट्टा फासला. काही दिवस शांतता, आणि पुन्हा गोडावर मुंग्या. शेवटी एकदा जाता-जाता त्याला दिसलं, की भिंतीवर टेबलापेक्षा फूटभर वर असलेली एक मुंगी तिथून सुटून टेबलावर पडली. टेबल भिंतीपासून इंचभर लांब होतं. त्याचा कल असा, की ही नुसती उपजत प्रवृत्ती नाही, इथे काहीतरी युक्ती चाललीय.

गोष्ट म्हणून छान आहे. पण भिंतीवर रोज हजारो मुंग्या फिरत असतील तर त्यांतल्या काही पडणारच. ज्या जमिनीवर पडल्या त्या कुणी पाहिल्या? टेबलावर पडलेली टर्पेंटाइनमुळे खाली उतरू शकत नाही, म्हणून ती तिथेच सापडते आणि हुशार ठरते. तपासायचं कसं, तर शेजारी तेवढंच टेबल ठेवायचं, गोड न ठेवता, आणि दोन्हींवर पडणाऱ्या मुंग्या मोजायच्या. फरक पडला नाही तर युक्तीची गोष्ट तिथेच संपली. प्राण्यांच्या बुद्धीचे असले किस्से त्या शतकात हातोहात खपत. १८९४ मध्ये लॉइड मॉर्गनने नियम घालून दिला की साध्या कारणाने वागणं समजत असेल तर वरच्या पायरीची बुद्धी गृहीत धरू नये. एकाच माणसाने, एकाच शहरात, एकाच पेपरात एक कडक निरीक्षण आणि एक सैल किस्सा दिलाय, आणि दोन्हींना छापील पानावर सारखाच मान मिळाला. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. गवताच्या बियांपाशी त्याला विरोधक माहीत होता, म्हणून तो सावध होता. मुरंब्यापाशी विरोधक कुणीच नव्हता.

पुढे काय झालं? १८५१ मध्ये मद्रासकडे जेर्डनने दक्षिण भारतातल्या मुंग्यांची यादी छापली आणि दाणे साठवण्याला दुजोरा दिला. १८६१ मध्ये डार्विनने लिंकेकम नावाच्या टेक्ससमधल्या डॉक्टरचं तिथल्या शेतकरी मुंग्यांवरचं पत्र लिनियन सोसायटीपुढे ठेवलं. तरी युरोपातला प्रश्न मिटला तो १८७३ मध्ये, जेव्हा जॉन ट्राहर्न मॉग्रिज या आजारी तरुणाने फ्रान्सच्या दक्षिणेला, माँतोंजवळ, वारुळं खणून कोठारं उघडी केली. साईक्सने जे केलं नव्हतं ते. त्याने साईक्स आणि जेर्डन दोघांचाही दाखला दिला. मॉग्रिज पुढच्याच वर्षी गेला, वय ३२. इसापाची मुंगी भूमध्य सागराकाठचीच होती, म्हणजे प्राचीन लोकांनी आपल्या अंगणातलं बरोबर पाहिलं होतं, आणि उत्तरेतल्यांनी आपल्या अंगणातलं. तरी पुण्याचा पुरावा हातात असताना चव्वेचाळीस वर्षं गेली. ‘वसाहतीतली नोंद’ म्हणून ती बाजूला पडली हे खरं, पण तिच्यात खणलेलं कोठार नव्हतं हेही तितकंच खरं. पहिलं कारण सांगायला आपल्याला आवडतं, दुसरं सांगताना जीभ जड होते.

आणि या पानावर कोण नाही? गुरं घेऊन त्या पडिकावरून रोज जाणारा माणूस. शेतीची आकडेवारी गोळा करताना साईक्सला पाटील-कुलकर्ण्यांचे कागद लागत होते; त्याच्या रेशमाच्या किड्यावरच्या लेखाच्या तर शीर्षकातच ‘कोलिसुर्रा’ हे इथलं नाव आहे. मुंग्यांच्या नोंदीत मात्र फक्त तो आणि मुंग्या. गवत कधी पिकतं, बिळाभोवती कोंडा कधी दिसतो, हे गुराख्याला एका वाक्यात विचारता आलं असतं. त्याने पुरावा पातळ झाला नसता, उलट वर्षांची भर पडली असती. कर्नलने एका सकाळी पाहिलं की ते निरीक्षण, आणि गुराख्याने दहा पावसाळे पाहिलं की ती समजूत, हा हिशेब मुंगीच्या धान्याइतकाच तपासायला हवा होता.

मुंबईत १८८३ मध्ये नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, १८९२ मध्ये वनखात्यातल्या रॉटनने तिच्या जर्नलमध्ये ‘अवर अँट्स’ लिहिलं, १९०३ मध्ये बिंगहॅमचा मुंग्यांचा खंड आला. ते सगळं वेगळ्या लेखाचं.

ज्यांना एमएस्सीचा छोटा प्रोजेक्ट हवाय त्यांच्यासाठी : माळावर पावसाआधी बिळं खुणा करून ठेवा, निदान तीस. जूनमध्ये पहिल्या मोठ्या सरीनंतर ऊन पडलं की त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला बघा, कितींच्या तोंडाशी बिया आल्या. थोड्या बियांवर रंगाचा ठिपका द्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या किती बाहेरच राहिल्या ते मोजा. कोरड्या आठवड्यात हेच पुन्हा. ऑक्टोबरात पुन्हा. लागणारं साहित्य : रंग, बारीक ब्रश, वही, टोपी, आणि दिवसभर बसायची तयारी.